भर दुपारचं जागरण

"आज दुपारी कोनीच झोपाचं नाई," पंजाबरावांनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं. "डोया मिटला तं माह्याशी गाठ आहे."

मे महिना, बोरी अरबचं ऊन आणि दुपारची झोप नाही? रामलालच्या हातातली बशी तोंडाशी येऊन थांबली. त्याच्या बायकोनं, हंसाबाईंनी, नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला आता कोणीतरी सीमेवर धाडतंय.

गावाबाहेर कडूनिंबांच्या सावलीत ही 'सोबत' नावाची वसाहत आहे. एका अंगणाभोवती सहा लहान घरं, मधोमध एकच स्वयंपाकघर आणि एकच मोठी खोली. घर ज्याचं त्याचं. चूल, अंगण, दुखणीखुपणी आणि भांडणं मात्र सगळ्यांची. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली, घरं माणसांपेक्षा मोठी झालेली, अशा चार लोकांनी मिळून ती उभी केली. गावानं आधी पोटभर नावं ठेवली. मग पेपरात दोन ओळी छापून आल्या आणि अमरावती-नागपूरकडची मंडळी गाड्या करून बघायला येऊ लागली. "आम्हालाही असंच काहीतरी करायचंय," असं म्हणत ती अंगणात उभी राहत, निंबाकडे बघत आणि त्यांचे चेहरे उगाचच हळवे होत.

पण 'सोबत'चा खरा जीव होता मोठ्या खोलीतल्या कूलरमध्ये. माणसाच्या उंचीचा पत्र्याचा कूलर. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी झिरपायला लागलं की ओल्या मातीचा वास सुटे, निंबावरचा होला दूर कुठेतरी असल्यासारखा घुमू लागे, आणि जेवून आलेला माणूस वाक्य अर्धं टाकून आडवा होई. अंगणातली सावलीसुद्धा त्या वेळी जागची हलत नसे. वसाहतीत भांडणं पुष्कळ झाली, पण दुपारी एकही झालं नाही, याचं श्रेय त्या कूलरला.

तो बनवून दिला होता पांढरकवड्याच्या अब्दुल गनींनी. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान स्टँडसमोर, आणि पंजाबराव त्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक. दोघांनी मिळून आयुष्यभराचा चहा तिथे प्यायला होता. बायको गेल्यापासून पंजाबरावांना संध्याकाळचा चहा कडू लागे. सहावं घर त्यांनी गनीभाईंसाठी रिकामं ठेवलं होतं, आणि गनीभाई आले नाहीत तर आपल्याला इथे करमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अडलं होतं ते अलफियापाशी. गनीभाईंची ही एकुलती लेक पंचायत समितीत नोकरीला. तिचा नवरा साद ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात बाप-लेकच. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "चाचा, तुम्ही सारे दुपारी मुडद्यासारखे झोपता असं अब्बाच सांगतात. त्याईले चक्कर आली तं पाहणार कोन? मी रविवारी दुपारी येते. जागे दिसले तं अब्बा तुमचे. नाई तं विषय खतम."

म्हणून हे फर्मान.

नेमकी दोन घरं लग्नासाठी ढाणकीला गेली होती. उरले चौघं: पंजाबराव, रामलाल, हंसाबाई आणि सत्यभामाबाई. सत्यभामाबाई जिल्ह्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्या म्हणाल्या, "रात्रपाळ्या केल्या मी, पंजाबभाऊ. मले झोपेचं नका सांगू. ह्या रामलालभाऊंचं पाहा."

पाहुण्यांसाठी त्यांनी मोठं पातेलं भरून आमरस केला. पाहुणे जेवायलाच येणार होते. जेवणाची वेळ टळून गेली, तरी गाडीचा पत्ता नाही. शेवटी अलफियाचा फोन आला. "चाचा, गाडी पंक्चर झाली. आम्ही इथंच ढाब्यावर खाऊन घेतलं. तुम्ही जेवून घ्या."

आता आमरस काही मे महिन्यात वाट बघत थांबत नाही. टाकून द्यायचा तर सत्यभामाबाई टाकू देणाऱ्या नव्हेत. चौघांनी सहा जणांचा आमरस संपवला, वर तुपाच्या पोळ्या. शेवटच्या वाटीला पंजाबरावांच्या लक्षात आलं, की आपण जागं राहण्याच्या दिवशी झोपेचं औषधच पातेलंभर प्यालो आहोत.

"कूलर बंद करा!" ते ओरडले. "गर्मीत कोनी झोपत नाई."

कूलर बंद झाला. चौघं घाम पुसत, टक्क जागे, एकमेकांकडे रागानं बघत बसले. हा उपाय खरं म्हणजे फार चांगला होता. पण दारात गाडी थांबली, तापलेली अलफिया आणि लालबुंद झालेले गनीभाई खाली उतरले, आणि पाहुण्यांना असल्या भट्टीत बसवणार कसं? पंजाबरावांनी जड मनानं बटण दाबलं.

वाळ्याचा पहिला झोत आला आणि रामलालची मान गेली.

"हे झोपून राह्यले काय?" अलफियानं विचारलं.

"नाई नाई, ध्यान करून राह्यले," पंजाबराव म्हणाले.

सत्यभामाबाई दरवर्षी विपश्यनेला जात. त्यांना हे सहन होईना. "ध्यानात कोनी घोरत नसते, भाऊ."

"नवीन आहे तो. शिकून राह्यला."

तोवर गनीभाई कूलरपाशी जाऊन बसले. "मोटर का आवाज जरा सुनता हूँ," असं म्हणून त्यांनी कान लावला, डोळे मिटले आणि ते पुन्हा काही उघडले नाहीत. हंसाबाई चिंचा फोडत होत्या. त्यांची मुसळी वर गेली ती अलगद मांडीवर उतरली आणि तिथेच विसावली. पंजाबराव अलफियाला घाईघाईनं वसाहतीचे नियम सांगू लागले. कोणाची पाळी कधी, दुखलंखुपलं तर हाक कशी मारायची. बोलता बोलता त्यांना समोर स्टँड दिसू लागला. निंबाखाली एकेक गाडी येऊन लागत होती, तिच्यात बाकांच्या जागी बाजा टाकलेल्या, प्रवासी पांघरुणं घेऊन पडलेले, आणि कुठे जायचं आहे असं कोणी विचारतच नव्हतं. "फलाटावर लागलेली गाडी…" एवढं ते स्पष्ट म्हणाले आणि भिंतीला टेकले.

आता सगळी भिस्त सत्यभामाबाईंवर. त्यांनी पदर खोचला. "पोरी, इकडं ये. इथं तब्येतीवर कसं ध्यान ठेवतो ते दाखवतो तुले." त्यांनी अलफियाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या, फुगा दोनदा दाबला. मग त्या गंभीरपणे काट्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मावशी, किती आहे?" अलफियानं विचारलं.

मावशींचं डोकं हळूहळू अलफियाच्या खांद्यावर आलं.

अलफियाला संताप आला होता. पण दंडाला पट्टा, खांद्यावर दवाखान्यात इतकी वर्षं थकलेलं एक डोकं. हलावं तरी कसं? मावशी उठली की तिला खडसावायचं, असं ठरवून ती जागच्या जागी बसून राहिली. पट्ट्यातली हवा हळू हळू सुटत होती. होला घुमत होता. वाळ्याचा वास तिला लहानपणी आजोळच्या दारात टांगलेल्या पडद्यांपाशी घेऊन गेला, तिथे कोणीतरी तिच्या केसांतून बोटं फिरवत होतं, आणि ऑफिसातल्या फायली पांढऱ्या बगळ्यांसारख्या उडून तळ्यापलीकडे जात होत्या.

खोलीत आता जागं असं फक्त कूलरचं पातं होतं.

मग लाइट गेली. कूलर थांबला आणि नेहमीच्या सवयीनं चारही म्हातारे एकदम उठून बसले. पाठोपाठ गनीभाईही उठले. पंजाबरावांनी कपाळावर हात मारला. "मेलो! खतम झालं समदं!"

"श्श!" सत्यभामाबाई कुजबुजल्या. "पोरगी झोपली."

सगळे पाहतच राहिले. अलफिया लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून झोपली होती. गनीभाईंनी पुढे होऊन तिच्या कपाळावरचा घाम रुमालानं टिपला आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंजाब, हिले असं झोपलेलं मी कधीचं पाह्यलं नाई रे."

हंसाबाईंनी हातपंखा काढला. एकाचा हात दुखला की दुसरा घेई. रामलाल अनवाणी बाहेर पळाला आणि कुल्फीवाल्याचा भोंगा त्यानं फाटकाबाहेरच बंद करवला.

तेवढ्यात अमरावतीहून पाहुण्यांची एक गाडी न कळवता येऊन थडकली. टोपी घातलेले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांनी "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं, तोच पंजाबरावांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

सगळी वसाहत त्यांना खुणांनी दाखवण्यात आली. स्वयंपाकघर, विहीर, अंगण. मंडळी चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत होती. मोठ्या खोलीच्या दारातून त्यांनी पाच म्हाताऱ्यांचं कोंडाळं, मधोमध निजलेली एक बाई आणि हातोहात फिरणारा पंखा पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"रोज दुपारी मौन असतं का?" गृहस्थांनी कुजबुजत विचारलं.

"आज पहिलाच दिवस आहे जी," पंजाबराव म्हणाले.

"फार उदात्त! ते सहावं घर रिकामं दिसतंय. आम्ही दोघं उद्याच यायला तयार आहोत."

पंजाबरावांनी खोलीकडे पाहिलं. "थे पोरगी उठल्याबिगर सांगता येत नाई."

मंडळी हात जोडून, आवाज न करता गेली. गाडीसुद्धा त्यांनी रस्त्यापर्यंत ढकलत नेली.

अलफिया उठली तेव्हा अंगणात संध्याकाळचं ऊन पिवळं झालं होतं. डोळे उघडले तर अब्बा पंखा हलवताहेत आणि चार म्हातारे परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे समोर ओळीनं बसलेले. दंडाला पट्टा तसाच.

"आम्ही सारे झोपलतो बेटा," पंजाबरावांनी स्वतःच सांगून टाकलं. "खोटं कायले बोलू? लाइट गेली म्हणून उठलो."

अलफिया सावरून बसली. मग म्हणाली, "अम्मी गेली तवापासून मी एक कान अब्बाच्या खोलीकडे ठेवून झोपते, चाचा. त्याईले खोकला आला तं कळलं पाह्यजे म्हणून. आज दोन्ही कान कसे झोपले, मलेच समजलं नाई."

गनीभाईंचा पंखा थांबला. "म्हणूनच तं मी उशीत तोंड घालून खोकतो रोज. तुझी झोप मोडू नये म्हणून."

"अब्बा!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघंही रोज रात्री जागीच होती. सत्यभामाबाईंनी नाक ओढलं आणि पट्टा सोडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"मंग?" पंजाबरावांनी जीव मुठीत धरून विचारलं. "विषय खतम?"

अलफिया उठली, अंगणात गेली. सहाव्या घराच्या उघड्या खिडकीतून तिनं आत डोकावून पाहिलं. रिकामी, गार, झाडून ठेवलेली खोली.

"इथं राहायले वयाची अट काय आहे, चाचा?"

"साठ पूर्ण लागते."

"म्हणजे माझा नंबर लय दूर आहे."

"लयच दूर आहे बेटा."

"मंग तोवर," ती बापाकडे वळून म्हणाली, "माझी जागा तुम्ही धरून ठेवा, अब्बा."

पंजाबरावांनी स्टँडवर सगळा जन्म काढला होता, पण गर्दीच्या गाडीत जागा धरणारा इतका हसतमुख, डोळे पुसणारा प्रवासी त्यांनी कधी पाहिला नव्हता. गनीभाई खिडकीपाशी गेले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि गजांमधून हात घालून तो आत टाकला.