डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला शिंगाडा

“मासा शिजवाले अक्कल लागत नाई. पान्यात राह्यते, पान्यातच शिजते!” सेलूच्या बाजारातले किराणा दुकानदार वासुदेवराव यांनी हे वाक्य त्या दिवशी चार गिऱ्हाइकांना ऐकवलं. जन्मात त्यांनी साधा चहा केला नव्हता, पण बोलायला काही चूल पेटवावी लागत नाही.

त्याचं असं झालं. अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी वासुदेवरावांच्या अंगी लागली. चकल्या, शेव, अनारसे, सगळं पोटावर जाऊन बसलं. दुकानाची पायरी चढताना धाप लागायला लागली, म्हणून ते वर्ध्याला नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी रक्तदाब बघितला, वजन बघितलं आणि बजावलं, की तळलेलं बंद, तूप बंद, भूक लागली की शिंगाडा उकडून खायचा.

शिंगाडा! वासुदेवरावांच्या कानात वाजंत्रीच वाजली. आता आमच्या तळ्यांत शिंगाडे दोन. एक पाण्यावरच्या वेलाला लागतो, त्याला दोन काटे असतात आणि तो एकादशीला चालतो. दुसरा पाण्याखाली फिरतो, त्याला मिशा असतात, आणि तो वासुदेवरावांच्या घरी कोणत्याच तिथीला चालत नसे. कारण त्यांच्या पत्नी रुख्माबाई माळकरी. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं वासुदेवरावांनी मासा खाल्ला तो शेजारी रूपरावांच्या भिंतीवरून, नाकाने. अशा माणसाला ‘शिंगाडा’ म्हटल्यावर कोणता ऐकू येणार, तुम्हीच सांगा.

घरी येऊन त्यांनी तोंड पाडून सांगितलं, की डॉक्टरचा हुकूम आहे, जिवाचा प्रश्न आहे, नाहीतर आपल्याला काय हौस पडली आहे? रुख्माबाईंचे डोळे भरून आले. नवऱ्याच्या जिवापुढे त्या काय बोलणार? मासा परसात शिजेल, भांडं वेगळं राहील, चूल तुम्हीच पेटवायची आणि मी हात लावणार नाही, एवढी अट मात्र त्यांनी घातली. वासुदेवरावांनी ती लगेच मान्य केली.

बाजारात विमलाबाई बसायची. पुढे टोपलीत फळं, मागे ओल्या पोत्याखाली मासे. वासुदेवरावांनी शिंगाडा मागितला, तशी तिने सवयीने पुढची टोपली सरकवली. वासुदेवरावांनी इकडेतिकडे पाहून ओठावर बोटाने मिशी काढून दाखवली. विमलाबाई पोट धरून हसली. मग तिने नवशिक्याला समजेल असं सांगितलं. पोट साफ करायचं, राखेने चोळून बुळबुळ काढायची, काटे काढायचे, कातडी सोलायची, हळद-मीठ-लिंबू लावून घडीभर ठेवायचं, मग आल्याचा तुकडा टाकून थोड्याशा पाण्यात झाकण ठेवून शिजवायचं. तेलाचा थेंब लागत नाही. नाहीतर पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवायचा.

वासुदेवरावांनी सगळं नीट ऐकलं, फक्त पोट साफ करायचं तेवढं विसरले. पहिल्या दिवशी पित्त फुटून मासा असा कडू झाला, की कडुनिंबाचा पाला गोड वाटावा. दुसऱ्या खेपेला पळसाचं पान जळालं, मासा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. तिसऱ्या वेळी झाकण आणायला म्हणून ते दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाशी बोलत बसले. परत आले तेव्हा भांड्यात पाणीही नव्हतं आणि मासाही नव्हता, बुडाला एक खरपूड तेवढी होती. पण बढाई मारून झालेली! रोज चार घास गिळायचे, “फस्कलास!” म्हणायचं आणि बाकीचं मांजरीला टाकायचं. महिनाभरात मांजर गुटगुटीत झाली आणि वासुदेवरावांचं धोतर सैल झालं.

अशात एक दिवस भिंतीपलीकडे रूपराव खिशातून काही काढून सोलून खात होते. वासुदेवरावांनी सहज विचारलं.

“शिंगाडे. तुमच्याच डॉक्टरीनबाईनं सांगतले मले,” रूपराव म्हणाले. “उकडले का खिशात राह्यते. बरे हायेत.”

वासुदेवराव भिंतीला टेकून उभेच राहिले. आपल्याला कोणता शिंगाडा सांगितला होता, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं. उद्या सकाळी रुख्माबाईंना खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी उठून पाहतात तर रुख्माबाई परसात. नाकाला पदर बांधलेला, हात राखेने भरलेले आणि पुढ्यात मासा. गळ्यातली माळ देवापुढे ठेवलेली होती.

“तुमी दिवसेंदिवस वाळून राह्यले,” त्या म्हणाल्या. “माळ पुन्ना घालता येते. मानूस गेलं तं पुन्ना येते का?”

त्या दिवशीचा मासा पांढराशुभ्र, मऊ, लिंबाच्या वासाचा. असा मासा वासुदेवरावांनी उभ्या आयुष्यात खाल्ला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली. पण आता सांगणार कोणत्या तोंडाने? ते तोंड तर माशाने भरलेलं होतं.

पुढच्या तपासणीला रुख्माबाई हट्टाने बरोबर आल्या. वजन चार किलोंनी उतरलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. यांना काय खायला घातलंत, असं त्यांनी विचारलं.

“तुमी सांगतला तोच. शिंगाडा. उकडून.”

“छान! सोलून देता ना?”

“सोलून, काटे काढून.”

“हो, काटे फार टोचतात. मीठ?”

“चिमटीभर.”

वासुदेवरावांनी घाम पुसला आणि यातून सुटलो तर केळझरच्या गणपतीला पायी येतो, असं मनात बोलून ठेवलं. गणपतीने ऐकलं नाही.

“मग तुम्हीपण खात जा की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकादशीलासुद्धा चालतो.”

रुख्माबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यानेच वासुदेवरावांचा उतरलेला रक्तदाब पुन्हा वर चढला असावा.

सेलूला रुख्माबाई एसटीतून उतरल्या त्या सरळ विमलाबाईकडे गेल्या आणि पुढच्या टोपलीकडे बोट दाखवलं. घरी येऊन आंघोळ केली, तुळशीपुढे हात जोडून माळ घातली, माशाचं भांडं विमलाबाईकडे पाठवून दिलं आणि नवं कोरं पातेलं वासुदेवरावांपुढे आदळलं.

“डॉक्टरीनबाईचा हुकूम हाये. उकडा. चूल पेटवाले तं शिकलेच तुमी.”

पुढच्या एकादशीला वासुदेवरावांनी दोघांपुरते शिंगाडे उकडले. सोलताना दोन बोटांना काटे टोचले, पण ताटली भरून त्यांनी बायकोपुढे ठेवली. सत्तावीस वर्षांत रुख्माबाई पहिल्यांदाच त्यांच्या हातचं खाणार होत्या. त्यांनी एक शिंगाडा उचलला, वास घेतला, उलटून पाहिला आणि वासुदेवरावांकडे पाहिलं.

“उपासाचाच हाये,” वासुदेवराव म्हणाले. “तुह्या गळ्याची आन.”

रुख्माबाईंनी तो शिंगाडा मांजरीपुढे टाकला. मांजरीने तो हुंगला, तोंड फिरवलं आणि भिंतीवरून रूपरावांकडे निघून गेली. तेव्हा कुठे रुख्माबाईंनी दुसरा शिंगाडा तोंडात घातला.