बोटीची दाढ

डॉक्टर अंगणात बोटीखाली उताणे पडले होते. एका हातात दात बघायचा छोटा आरसा, दुसऱ्या हातात टोकदार सळई, कपाळाला बांधलेला दिवा. पत्रे सांधणाऱ्या एका सैल लोखंडी रिव्हेटपाशी आरसा नेत ते सवयीनं म्हणाले, "आ करा."

"ती नाही करायची आ," पायरीवरून बायको म्हणाली. "आत वकीलसाहेब मात्र मघापासून आ करून बसलेत. इंजेक्शन देऊन जे बाहेर पळालात ते पळालातच. त्यांचा अर्धा चेहरा झोपलाय, उरलेला पेंगतोय. दुपारी सत्कार आहे म्हणे त्यांचा. भाषण करायचंय."

"आलोच. ही एवढी एक कीड काढतो."

"कीड?"

"गंज गं. तेच ते."

आता दातांचा डॉक्टर बोटीखाली काय करत होता, हे सांगायलाच हवं. कारण एकच, आणि ते म्हणजे सासरा.

डॉक्टरांचे सासरे अप्पा. धरणाच्या पाण्यावर सरकारी मोटरबोट चालवण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी ॲल्युमिनियमची बोट विकत घेतली आणि ती झिजेपर्यंत तलावात फिरवली. शेवटी तिचे सांधे सैल झाले, रिव्हेटं ढिली झाली, आणि ती अप्पांच्या परसात पालथी पडून राहिली. अप्पांना मोटरबोट चालवणारे, विहिरीतला पंप काढणारे, ट्रकचं चाक एकट्यानं बदलणारे लोक आवडत. दात बघणं हे त्यांच्या लेखी काम नव्हतंच. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते चारचौघांत सांगत, "आमच्या जावईबापूंनी तेवढ्यावर घर बांधलं. कलियुग, दुसरं काय!"

सगळी गल्ली डॉक्टरांना डॉक्टर म्हणायची. दूधवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, इतकंच काय, शेजाऱ्यांशी भांडण झालं तेव्हा शेजारीसुद्धा "ओ डॉक्टर, आवाज खाली!" असं म्हणाले होते. अप्पा मात्र लग्नापासून आजतागायत 'जावईबापू'वर अडून होते. "डॉक्टर म्हणजे नाडी बघतो तो. यांना नाडी कुठं असते ते तरी माहीत आहे का?" दाढ दुखली तर अप्पा लवंग धरत, गाल सुजला तर मफलर गुंडाळत, पण जावयाच्या खुर्चीत बसत नसत. डॉक्टरांना हे आत कुठंतरी फार लागायचं. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो तोंडं उघडली होती. या एका तोंडातून एक शब्द निघावा, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी जेवता जेवता अप्पा "बोट भंगारात घालतो" म्हणाले, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "कशाला? मी करतो की दुरुस्त."

अप्पांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही? बरं. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. तरंगण्यासारखी झाली असली तर तलावावर नेऊ, नसली तर भंगारात. टेम्पो तोच."

आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं. बोट एका दोन चाकांच्या गाड्यावर चढून डॉक्टरांच्या अंगणात आली. फाटकाकडे उतार होता म्हणून चाकांना विटा लावल्या. आणि डॉक्टर कामाला लागले. बोट दुरुस्त कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण भोक कसं भरायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी एकेक रिव्हेट टोचून पाहिलं, कोरलं, धुतलं, फुंकर मारून वाळवलं, दातांचं सिमेंट भरलं आणि निळ्या दिव्यानं कडक केलं. शेवटी कानशीनं घासून गुळगुळीत. बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढं मोठं भोक होतं. ते बघून डॉक्टर हळहळले. "एवढं होईपर्यंत अप्पा गप्प कसे बसले? वेळीच दाखवायला नको?" ते भोक त्यांनी थरावर थर देऊन असं भरलं, की बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"सुंदर आहे," बायको म्हणाली. "पण गळत नाही कशावरून?"

"ते तलावावर कळेलच."

"तलावावर अप्पांच्या देखत बुडालात म्हणजे? त्यापेक्षा इथंच आत पाणी भरून बघा. आतलं बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत जाणार नाही. साधी गोष्ट आहे."

गोष्ट खरंच साधी होती. आज ती शेवटची कीड काढून, भरून होताच डॉक्टरांनी बागेची नळी बोटीत टाकली, नळ सोडला आणि पुन्हा खाली आडवे झाले. घोटाभर पाणी झालं. थेंब नाही. वीतभर झालं. थेंब नाही! डॉक्टरांचा ऊर भरून आला. त्याच आनंदात ते हात धुऊन वकीलसाहेबांकडे गेले आणि नळ तसाच राहिला.

दाढ भरताना डॉक्टरांना जगाचा विसर पडायचा. त्यात वकीलसाहेबांची दाढ मूळची वाकडी. इकडे डॉक्टर कोरत होते, तिकडे बोट भरत होती. ती काठोकाठ भरली तशा गाड्याखालच्या विटा आधी कुरकुरल्या, मग चिरल्या, आणि मग त्यांचा भुगा झाला.

"अहो!" बाहेरून बायकोची किंकाळी आली. "बोट निघाली!"

"कुठं?" डॉक्टरांनी आतूनच विचारलं.

"फाटकाकडं! एकटीच!"

डॉक्टर बाहेर धावले. मागोमाग नुकतीच दाढ भरून झालेले वकीलसाहेब, गळ्यात रुमाल आणि तोंडात कापूस. तोवर बोट आपल्या मानानं, काही घाई नसल्यासारखी, उतार उतरून फाटकात शिरली होती. तिचं नाक रस्त्यावर गेलं आणि पोट दोन्ही खांबांच्या मध्ये खच्चून अडकलं. तिच्यातलं थोडं पाणी हिसक्यानं पुढं उसळलं आणि बाहेर बदाबदा पडलं.

बाहेर अप्पा उभे होते. टेम्पो रविवारी मिळत नव्हता म्हणून ते शनिवारीच आले होते, सोबत भंगारवाला. जन्मभर सरकारी बोटीवर राहून ज्या माणसाची विजार कधी भिजली नव्हती, त्याला लाट आली ती रस्त्यावर.

अप्पांनी आपल्या पायांकडं पाहिलं. बोटीकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "जावईबापू, पाण्यात बोट घालायची असते. बोटीत पाणी नव्हे."

"अप्पा, ती... तपासणी चालली होती," डॉक्टर बोटीच्या मागून म्हणाले. मध्ये आख्खी बोट असल्यामुळे त्यांना ओरडावं लागत होतं.

"उंह्हू ऑऑ हाऊ?" वकीलसाहेब घड्याळ दाखवत म्हणाले.

"हे काय म्हणतायत?"

"मी बाहेर कसा जाऊ, असं म्हणतायत," बायकोनं सांगितलं. दवाखान्यात बसून बसून तिला ही भाषा येऊ लागली होती.

"सोपं आहे," अप्पा म्हणाले. "बूच काढा. पाणी गेलं की हलकी होईल, मागं ढकला."

"कुठलं बूच?"

अप्पांनी डोळे मिटून घेतले. मग खिशातून पितळेचं एक बूच काढून वर धरलं. "बरोबर. बूच माझ्याकडंच राहिलं होतं, तेच द्यायला आणलंय. म्हणजे भोक उघडंच आहे. मग पाणी राहिलं कसं?"

डॉक्टरांनी बोटीच्या तळाकडं पाहिलं. "कुठलं भोक, अप्पा?"

"मागचं हो! तळाशी असतं ते. बोट काठावर घेतली की पाणी काढून टाकायला ठेवतात मुद्दाम. अंगठा जाईल एवढं."

बायको एकदम बागेतल्या कुंड्यांकडं बघू लागली.

"ते," डॉक्टर म्हणाले, "मी भरलं."

"भरलं म्हणजे?"

"थर दिले. पॉलिशही केलं."

अप्पांनी उजवा हात कपाळावर मारला, डाव्या हातानं विजार वर खोचली, आणि बोटीच्या नाकावर पाय देऊन सरळ आत उतरले. मांडीएवढ्या पाण्यातून ते मागच्या टोकापर्यंत गेले, कंबरेत वाकले आणि हात घालून भोक शोधू लागले. सापडेना. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. शेवटी काठावरून मान बाहेर काढून म्हणाले, "जावईबापू, जागा तरी दाखवा! कळतसुद्धा नाही कुठं होतं ते!"

एरवी हे ऐकून डॉक्टरांना धन्य वाटलं असतं. आत्ता ते म्हणाले, "मी कोरून काढतो, आत्ता!" आणि आत धावले. पण कोरायचं यंत्र खुर्चीला जोडलेलं, त्याची नळी खिडकीपर्यंतसुद्धा पोचेना. मग त्यांनी रोग्याच्या तोंडातली थुंकी ओढून घ्यायचं यंत्र आणलं. ते चाकावर होतं, फिरत होतं. त्याची बारीक वाकडी नळी डॉक्टरांनी बोटीत सोडली. सुर्र सुर्र असा आवाज होऊ लागला.

"याला किती वेळ लागेल?" अप्पांनी विचारलं.

"तसं... दिवाळी उजाडेल, आणि वीजबिलानं दिवाळं निघेल," बायको म्हणाली आणि तिनं बापाच्या हातात बादली दिली.

अप्पा उपसू लागले. डॉक्टर मागून तांब्यानं, बायको पातेल्यानं. वकीलसाहेब सारखे घड्याळ दाखवत होते. शेवटी अप्पांनाच त्यांची दया आली. "या, या साहेब, बूट काढा. मधून चाला. काठावर भार टाकू नका. बसा म्हटलं की बसायचं, उठा म्हटलं की उठायचं." एका हातात बूट, दुसऱ्या हातात अप्पांचा हात, गळ्यात रुमाल, असे वकीलसाहेब फाटकातली ती दोन पुरुष लांबीची नदी पार करून रस्त्यावर उतरले. जाता जाता त्यांनी काहीतरी आभाराचं म्हटलं. ते बायकोलाही कळलं नाही.

पाणी गुडघ्याच्या खाली आलं तसे अप्पा थांबले. बादली ठेवून ते बोटीतून मागच्या बाजूनं अंगणात उतरले, खाली वाकले आणि बोटीच्या पोटावरून हात फिरवू लागले. एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर. तळहात बघितला. कोरडा. पुन्हा फिरवला. पुन्हा कोरडा. भंगारवाला रस्त्यावरून ओरडला, "काका, न्यायची ना?"

"थांब रे!" अप्पा खेकसले. मग खाली बसूनच पुटपुटले, "या बोटीनं मला कधी सुखानं बसू दिलं नाही. एक हात सुकाणूवर, एक हात डब्यावर. पाणी उपसत जायचो, उपसत यायचो. रिव्हेटवाले झाले, वेल्डिंगवाले झाले, कुणाच्या बापाला गळती सापडली नाही." ते डॉक्टरांकडं वळले. "काय भरलंत?"

"दातांचंच सिमेंट," डॉक्टर खालमानेनं म्हणाले. "चुकलंच माझं. बुचाचं भोक नीट मोकळं करून देतो."

"टिकतं किती?"

"नीट भरलं तर दहाएक वर्षं सहज."

"आणि तोंडात?"

"तोंडातसुद्धा. तिथलंच तर आहे ते."

अप्पांनी भंगारवाल्याला हात हलवून जायला सांगितलं. मग विजार पिळली, चपला दाराशी काढल्या, आणि कुणाला काही न विचारता दवाखान्यात शिरले. डॉक्टर मागोमाग गेले, तर अप्पा खुर्चीत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा आत घातला, आणि ते पाहतच राहिले. खालच्या दाढेत राखाडी रंगाचं काहीतरी ठासून भरलेलं होतं. त्यांनी खरवडून पाहिलं, वास घेतला. दोन कांड्या एकत्र मळून पाण्याच्या टाक्यांना लावतात तो मसाला!

"अप्पा! हे कुणी केलं?"

अप्पांनी डोळे न उघडता, तोंड न मिटता, एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं खुर्चीत न बसण्याचं कारण तुच्छता नव्हती, ही दाढ होती. डॉक्टरांना हसू आलं, रागही आला, आणि का कोण जाणे, भरूनही आलं. कान उपटावेत असा हा अपराध. पण सळईचं टोक कडेनं फिरवताना त्यांचा हात मंदावला. कुठं फट नाही. खाच नाही. नुसत्या बोटानं, आरशाशिवाय, स्वतःच्या तोंडात, इतकं सफाईदार!

"वा!" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

अप्पांनी त्यांचा हात बाजूला सारला. "वा काय, डॉक्टर? ठणका लागलाय!"

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"ठणका लागलाय म्हणालो. कालपासून डोळ्याला डोळा नाही."

"ते नाही हो," डॉक्टर म्हणाले, "त्याच्या आधी?"