महाजन मॅडमची थाळी

महाजन मॅडम माणसाला पहिल्यांदा भेटतात त्या पाठीमागून. हातात जेवणाची स्टीलची थाळी असते. माणूस भोळेपणाने समोर बघत असतो, आणि मॅडम थाळी फरशीवर सोडून देतात.

मुलाखतीला गेलो तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बुऱ्हाणपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात तेव्हा नवं वारं आलं होतं. शरीराचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर आता वेगळ्या इमारतीत बसणार नाहीत, एकाच पलंगाशी उभे राहतील, असं ठरलं होतं. मनाकडच्या बाजूला माणसं कमी होती, म्हणून मॅडम आमच्यासारख्यांना मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतून तयार करायच्या. मी इथल्याच राजपुरा मोहल्ल्यातला, पण इंदूरहून मानसशास्त्र शिकून आलेला, त्यामुळे स्वतःच्या गावात पाहुण्यासारखा टाय लावून फिरत होतो. "तीन भाषा उत्तम येतात," असं मी छाती काढून सांगितलं, आणि मागे थाळी पडली.

मी "मम्मी" म्हणून ओरडलो आणि टेबल धरलं.

मॅडम पुढे आल्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, चष्मा डोक्यावर. "मम्मी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "तिन्हीपैकी एकही नाही. पण पोरगं खोटं नाही. घ्या याला."

माणूस ज्या भाषेत दचकतो ती त्याची भाषा, बाकीच्या त्याच्या नोकरीच्या, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या गावाला तो फिट बसतो. इथे माणूस दुकानात हिंदी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, आणि घरी तिसरंच काहीतरी बोलतो ज्याला तो स्वतःही नाव देत नाही. डॉक्टरसमोर मात्र सगळे हिंदी. मॅडमचं म्हणणं, दुखणं हिंदीत सांगतात, भीती सांगत नाहीत. ती भाषा ऐकायला थाळी लागते. रोग्यांच्या बाबतीत ती जरा लांब आणि जरा हळू पडायची, एवढीच सवलत. हृदयरोग्यांच्या वॉर्डात थाळी न्यायला त्यांना सक्त मनाई होती, आणि याचं त्यांना खरोखर दुःख होतं.

शिकवण्याची पद्धतही तशीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बुधवाऱ्याच्या बाजारात पाठवलं. "भांडण ऐकून ये. भाषा कुठे बदलते ते सांग." एका भांड्यांच्या दुकानासमोर दोघेजण हातगाडीवरून जुंपलेले सापडले. मी गपचूप ऐकायचं होतं. पण इंदूरचं शिक्षण गप्प बसू देईना. मी मध्ये शिरलो आणि मऊ आवाजात विचारलं, "आपको इस वक्त कैसा महसूस हो रहा है?" दोघं थबकले. एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून मला भांड्यांच्या दुकानापासून पार कोपऱ्यापर्यंत सोडलं, तेही दोन्ही भाषांत.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "भांडण मिटलं ना? पास," म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी भाषांतर घेऊन जाऊ नको. भाषा घेऊन जा."

त्यांचं दुसरं पालुपद मला महागात पडलं. "इथला हां म्हणजे होकार नव्हे रे. इथला हां म्हणजे नमस्कार." मी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो.

त्याच सुमारास जैनाबादचे भागवत आबा दाखल झाले. तापीपलीकडची केळीची बाग, पिकलेल्या मिशा, आणि साखरेच्या आजारात काळा पडलेला उजव्या पायाचा अंगठा. सर्जन दुबे साहेबांचं मत स्पष्ट होतं. अंगठा काढला तर पाय वाचेल, नाही काढला तर पाय जाईल, आणि थांबायला सवड नाही. आबांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी काय बोललो म्हणून सांगू. शुद्ध हिंदीत बोललो, मग शुद्ध मराठीत बोललो, कागदावर पायाचं चित्रही काढलं, जे गाजरासारखं दिसत होतं. आबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "जी साब. हां साब. ठीक है साब." मी वॉर्डातून बाहेर पडलो तो तरंगतच. सगळे डॉक्टर जमतात त्या सकाळच्या बैठकीत मी जाहीर केलं, "रुग्ण तयार आहे." दुबे साहेबांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणा सर्जनने मला हात लावला होता, तोही सुरीशिवाय.

तासाभराने आबा फाटकापाशी सापडले. धोतर नेसलेलं, पिशवी खांद्याला, जैनाबादच्या गाडीची वाट बघत.

दुबे साहेब माझ्याकडे बघत मॅडमना म्हणाले, "मॅडमजी, बातें करने से पाँव बचता है क्या? आज का दिन है मेरे पास. बस आज का."

मॅडम फाटकाशी गेल्या. आबांना परत पलंगावर बसवलं आणि त्यांच्या केळीबद्दल विचारत राहिल्या. घड किती वजनाचा, वाऱ्याने खांब पडले का. मला वाटलं, इथे पाय चाललाय आणि बाई केळी सोलतायत. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात थाळी पडली. ती टाकायची खूण त्यांनी नर्सला केली होती, हे मला नंतर कळलं.

"माय वो," आबा दचकले.

"काय झालं, आबा?" मॅडम लगेच त्याच बोलीत शिरल्या. "कायचं भेव वाटून राह्यलं तुमाले?"

आबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा, संजय, दाराशी उभा होता. "याले बाहेर पाठवा," ते म्हणाले. तो गेल्यावर खाली बघत पुटपुटले, "बाई, माणूस मेला का त्याच्या पायाचे दोन अंगठे बांधतात नं दोरीनं?"

"बांधतात."

"मंग माया एकच राहिला, तं बांधतीन कशाले? पाय फाकवून नेतीन का मले घाटावर? लोक काय म्हनतीन?"

मी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. पुस्तकात भीतीचे सगळे प्रकार मी पाठ केले होते, पण हा नव्हता. मॅडम मात्र जराही हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खरोखर विचार करू लागल्या, जणू हा प्रश्न दुबे साहेबांच्या प्रश्नाइतकाच तातडीचा होता.

"घोट्याले बांधलं तं?" त्यांनी विचारलं.

आबांनी घोट्यांकडे पाहिलं. दोन्ही पाय जुळवून पाहिले. "चालीन," ते म्हणाले. "पन कोन ध्यानात ठेवीन? त्या टायमाले सगळे रडत असतीन."

मॅडमनी संजयला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो बिचारा लाल झाला. बापाच्या तोंडावर असलं अभद्र कसं बोलावं? मॅडम म्हणाल्या, "बोल. नाही बोललास तर तुझ्या बापाचा पाय जाईल." संजय बापाच्या पायाशी बसला आणि रडत म्हणाला, "आबा, मी घोट्याले बांधीन. मी सोता बांधीन."

"गाठ नीट मार," आबा म्हणाले. "तुले बैल बांधता येत नाही."

मग ते दाराकडे वळले. तिथे दुबे साहेब कधीचे उभे होते. "काटो साब," आबा म्हणाले. हा मात्र नमस्कार नव्हता.

दुबे साहेब तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाले, "काटता हूँ. लेकिन बाबाजी, बाँधने की इतनी जल्दी नहीं है."

अंगठा गेला, पाय वाचला. त्यानंतर दुबे साहेब स्वतःहून निरोप पाठवू लागले, "मॅडमजी को बुलाओ, थाली समेत." हृदयाच्या वॉर्डातली मनाई तेवढी कायम राहिली.

दोन-तीन महिन्यांनी आबा दवाखान्यात आले ते स्वतःच्या पायांनी, किंचित डोलत, आणि मागे संजयच्या खांद्यावर केळीचा भला मोठा घड. सगळा वॉर्ड जमला. मॅडम घडाकडे बघत उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे, आणि थाळी शेजारच्या टेबलावर. बाई स्वतः कोणत्या भाषेत दचकतात याबद्दल आम्हा शिकाऊ मंडळींत केव्हापासूनचा वाद होता. मी म्हणायचो हिंदी, बाकीचे म्हणायचे इथलीच बोली. बाई बुऱ्हाणपूरच्याच, याबद्दल शंका कोणालाच नव्हती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी त्या एकट्याच असत, यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

मी थाळी सोडली.

"आवशीक खाव," मॅडम ओरडल्या.

कोणाला काही कळेना. ही भाषा तापीच्या या काठावर कोणी ऐकली नव्हती, आणि त्या काठावरही नाही. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण मॅडम रागावल्या नव्हत्या. हात गालावर ठेवून त्या नुसत्या उभ्या होत्या, कोणीतरी हाक मारल्यासारख्या.

"आमची आवस, म्हणजे आई, असं म्हणायची," त्या म्हणाल्या. "कोकणात. माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी आलं. इथे कोणाशी बोलणार?"

आम्ही सगळे शिकलेले, पण पुढे काय विचारावं ते आमच्यातल्या कोणालाच सुचेना. आबांना सुचलं. ते स्टुलावर टेकले, उरलेल्या अंगठ्याचा पाय पुढे पसरला आणि म्हणाले, "घराजवळ काय होतं, बाई?"

मॅडम त्यांच्यासमोर पलंगावर बसल्या. "आमच्या घरामागे खाडी होती," त्या हळूहळू सांगू लागल्या. "भरतीचा पाणी पायरेर येय. माका वाटलां, मी सगळां इसारलंय..." मग थांबल्याच नाहीत. आबांना त्यातलं निम्मंही कळत नसणार. पण ते मान हलवत होते. "हां," ते म्हणत होते. "हां, बाई."

दारातून दुबे साहेबांनी डोकं आत घातलं. राउंडची वेळ झाली होती. "मॅडमजी..."

आबांनी मान न वळवता हात वर केला.

"रुको साब," ते म्हणाले. "बाई बोलून राह्यल्या."