बाबाराव काकांची बुटकी फौज

आमच्या शेजारचे बाबाराव काका अधूनमधून सकाळी चहा झाला की चौघांची हजामत करतात. चौघंही अंगठ्याएवढे. खरंच सांगून राहिली मी! टेबलावर जुना टॉवेल अंथरतात, एकेकाले चिमट्यात धरतात आणि ब्लेडच्या टोकानं त्याची गुडघ्यापर्यंत आलेली दाढी खरवडून काढतात. मिशीले मात्र हात लावत नाहीत. मग फुंकर मारून म्हणतात, "चाल गा, झाला माणूस."

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुमाले वाटन काका कामातून गेले.

झालं असं, की तीन वर्षांआधी दिवाळीत नागपुरातल्या बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी किल्ला केला. काका म्हणे, सैनिक माझ्याकडून. मोबाईलवर शोधलं, फोटोत तलवारी-बिलवारी दिसल्या, मागवून टाकले. आले ते परदेशी गोष्टींमधले बुटके! चाळीस नग. ढोलासारखी पोटं, हातात कुऱ्हाडी, दाढ्या जमिनीले टेकून राहिल्या, आणि रंगाचा पत्ता नाही, नुसतं राखाडी प्लास्टिक. आई म्हणाली, "भाऊजी, वापस करा न." काका म्हणाले, "भरती झालेला माणूस वापस नाई पाठवत, वहिनी."

काका जमीन मोजणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर नकाशे आणि भांडणं पाहिली, त्यामुळे जिभेवर एकच शब्द: पुरावा. दूधवाला म्हणाला दूध शुद्ध आहे, "पुरावा?" आई म्हणाली आज ऊन जास्त आहे, तर काका थर्मामीटर घेऊन गच्चीवर. त्यात त्यांचे कोणतेतरी खापरपणजोबा नागपूरकर राजांच्या फौजेत स्वार होते म्हणतात. (ह्याचा पुरावा मागायची आमची हिंमत नाही.) म्हणून बुटक्यांची भरती थेट मराठ्यांच्या फौजेत झाली.

आता त्यांचा कारखाना पाहा. पगडी म्हणजे एम-सीलची बारीक वळी, तिले सुईनं पीळ. भाला म्हणजे अगरबत्तीची काडी. ढाल म्हणजे शर्टाचं बटण. चाळीस सैनिक म्हणजे चाळीस ढाली, त्यामुळे काकांच्या एकाही शर्टाले आता बटण नाही. बँकेत जातात ते सेफ्टी पिना लावून!

"काका, पोटांचं काय करता?" मी एकदा विचारलं.

"तब्येत हाय ते. बंगालच्या मोहिमेतून आले, तिकडं मासोळी-भात भेटला."

"अन् उंची?"

"घोड्यावरून उतरलेला माणूस बुटकाच दिसते."

"पुरावा?"

"तू मधात बोलू नको वं."

मे महिन्यात तर मजाच. ब्रश डबीतून बुटक्यापर्यंत जाईस्तोवर रंग वाळते. कुलर लावला तर पगड्या उडतात. म्हणून काका कुलर बंद करून, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बनियनवर बसतात. घाम टपकला की एखाद्या सैनिकाचा अंगरखा धुऊन निघते, मग त्यालेच शिव्या, "उभा राह्य न बे सरळ!"

सुमन काकू, म्हणजे काकांची बायको, वर्ष झालं पुण्याले मुलीकडे आहे. नातू झाला तेव्हा तीन महिन्यांसाठी गेली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन येते, स्पीकरवर, मले पाठ आहे.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बाहुल्या रंगवून राहिले का?"

"बाहुल्या नोहे, फौज हाय."

"बरं, ठेवते."

संपलं! आईनं विचारलं, "करमते का भाऊजी?" तर म्हणाले, "मस्त करमते. जेवणाचा पूर्ण टेबल फौजेले भेटला."

पण 'बाहुल्या' त्यांले लागते. फोन ठेवला की दोन मिनिटं ब्रश उचलत नाहीत. कोण्या जाणकार माणसानं न सांगता ओळखावं, की ही खेळणी नाहीत, आपली फौज आहे, एवढंच पाहिजे होतं त्यांले. म्हणून धरमपेठेत अशा छोट्या मूर्त्यांची स्पर्धा आहे दिसल्याबरोबर मी विचारलंच नाही, ऐतिहासिक गटात नाव टाकून दिलं.

स्पर्धेच्या दिवशी तोंडाले दुपट्टा बांधून मी स्कूटीवर, मागे काका, मांडीवर मिठाईच्या डब्यांत फौज. रस्त्यातल्या प्रत्येक गड्ड्याले कानात, "हळू वं! घोडदळ पडलं!"

हॉलमध्ये सगळी माझ्या वयाची पोरं. टेबलांवर ड्रॅगन, राक्षस, यंत्रमानव, आणि मधात आमचे सेफ्टी पिनवाले काका. परीक्षक म्हणून कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. भिंग घेऊन आल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अंगरख्याचे बंदसुद्धा काढलेत! आणि ही पगडी... काका, ही नागपूरकरांची फौज ना?"

 काकांनी छातीवरची सेफ्टी पिन उघडून परत लावली. मी तर नाचायचीच बाकी होती!

मॅडम सरकत सरकत फौजेच्या शेवटी आल्या. तिथं एक बैलगाडी, आणि गाडीत गाठोड्यावर बसलेली एक बाई. हिची दाढीच काय, मिशीही साफ. हिरवं लुगडं. मी घरी विचारलं होतं तेव्हा काका म्हणाले होते, "असन कोणी, फौजेमागून चालणाऱ्यातली."

"काका, हिला चष्मा?" मॅडम म्हणाल्या. "त्या काळात? फौजेबरोबरच्या बाईला? ह्याला काही आधार आहे?"

"नाई."

"मग एवढी एक काढून ठेवा. ऐतिहासिक गट आहे, मला तसं लिहावं लागेल. बाकी सगळं इतकं चोख आहे, पहिला नंबर तुमचाच."

"काढा न काका!" मी हात पुढे केलाच होता. काकांनी माझं मनगट धरलं.

"ते तिथंच राहीन."

"अहो, पण..."

"मॅडम, तुमी फौज ओळखली. आपलं काम झालं. नंबर पोरांले द्या."

मी खाली वाकून नीट पाहिलं. तांब्याच्या तारेचा चष्मा, आणि त्याच्या डाव्या काडीवर केसाएवढा लाल दोरा गुंडाळलेला. सुमन काकूच्या चष्म्याची डावी काडी तुटली होती, तिनं लाल दोऱ्यानं बांधली, आणि काका मागं लागूनही बदलली नाही. चालते न, म्हणायची.

पहिला नंबर ड्रॅगनवाल्या पोराले गेला. काकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

वापस येताना एवढे गड्डे लागले, पण काका मागं डबे नुसते छातीशी धरून बसले. सिग्नलले थांबलो तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"काकू आहे न ते?"

"समोर पाह्यजो."

लाल दिवा. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी...

"पोरी."

"हं?"

"पुण्याची गाडी कितीले असते वं?"

"संध्याकाळी आहे न. काहून?"

"काई नाई. तिचं नाक मले आठवून आठवून करा लागलं. बरोबर जमलं का नाई, एकडाव पाहून यावं म्हणतो."