एक वाजताची झोप

दुपारचा एक वाजला की ऋताची दोन्ही बाळं एकदम झोपायची. पहिलं बाळ राजसी, वय दहा महिने, बदलापूरच्या घरी पाळण्यात. दुसरं म्हणजे ती घरून सांभाळायची तो कारखान्याचा सर्व्हर, वय सात वर्षं, आनंदनगरला ऑफिसमागच्या खोलीत. राजसी झोपली की घराला हायसं वाटायचं. सर्व्हर झोपला की डिस्पॅचच्या दिपेशचा फोन यायचा.

"मॅडम, परत हँग! मालाचं चलन निघत नाहीये. गेटवर दोन ट्रक उभे, ड्रायव्हर माझ्या खानदानाचा उद्धार करतायत!"

"हळू बोल ना रे, आत्ताच निजलीये. बटण दाबून बंद कर आणि परत चालू कर."

"जेवून करतो. दोनला."

दोनला चालू केला की तो शहाण्या बाळासारखा संध्याकाळपर्यंत चालायचा. रविवारी ऋताने त्याच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टम टाकली, तेव्हापासूनचं हे दुखणं. टाकली तेव्हा कोण कौतुक झालं होतं! जुन्या सिस्टमवर सर्व्हर तव्यासारखा तापायचा आणि पंखे गिरणीसारखे घरघरायचे. नव्या सिस्टमवर तो गारेगार. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, तापमान माठातल्या पाण्यासारखं.

पण सोमवार ते गुरुवार, चारही दिवस तो एकच्या ठोक्याला झोपला. एका हाताने नाचणीची पेज भरवत ऋताने दुसऱ्या हाताने सर्व्हरच्या नोंदींचे लॉग वाचले. ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदललं. बॅकअपची वेळ बदलली. लॉगमध्ये एक वाजेपर्यंत सगळं आलबेल आणि मग काहीच नाही, जणू बोलता बोलता कुणाला डुलकी लागावी.

गुरुवारी कारखान्याच्या मालकांचा, हेमचंद्र सरांचा फोन आला. "ऋता, उद्या स्वतः येऊन बस. याचा छडा नाही लागला, तर घरून काम वगैरे बंद. सोमवारपासून रोज ऑफिस."

राजसी तेव्हा भिंतीला धरून उभी होती. पहिलं पाऊल आज पडेल की उद्या, काही नेम नव्हता. ते आपण व्हिडिओत बघायचं? त्या तंद्रीत ऋताने राजसीच्या वाटची पेज स्वतःच खाऊन टाकली.

शुक्रवारी तिच्या नवऱ्याने, समीरने, रजा टाकली आणि ऋता सकाळपासून सर्व्हरसमोर स्टूल टाकून बसली. ऑफिसचं चहापाणी बघणाऱ्या कौसाबाईंनी बारा वाजल्यापासून तीनदा दारातून डोकावलं. पदराखाली कसलातरी ढीग होता.

"काय हवंय, मावशी?"

"काय न्हाय. ताई, तू जेवाया नाय जात? बाळंतिणीनं असं उपाशी बसू नये."

"राजसी दहा महिन्यांची झाली, मावशी!"

"मंग? अजून पाजतेस ना? जा की गं जरा घटकाभर!"

"नाही जायचं मला."

कौसाबाई उसासा टाकून गेल्या. एक वाजला. सव्वा झाला, दीड झाला. सर्व्हर टक्क जागा. घरी खोकून खोकून जीव घेणारी पोरं डॉक्टरपुढे कशी चिडीचूप बसतात, तसा. ऋता रडकुंडीला आली. "हँग हो ना रे सोन्या, एकदाच!"

एवढ्यात केबिनमधून सर ओरडले, "कौसाबाई! वरण गार का आज?"

"मी काय करू साहेब? ताई सकाळधरनं डब्यांच्या जागेवर बसल्यात!"

ऋता ताडकन उठून केबिनच्या दारात आली. "डब्यांची जागा?"

गेली सात वर्षं अख्ख्या ऑफिसचे डबे सर्व्हरच्या डोक्यावर तापत होते. ऋता दुपारी कधी त्या खोलीत आलीच नव्हती.

"सोमवारी हात लावला तर मेला थंडगार," कौसाबाई म्हणाल्या. "म्हटलं, आजारी पडलाय. मंग बारालाच डबे ठेवते, वरनं माझी गोधडी घालते, चारी अंगांनी दाबून बसवते. दीडला काढते. अशी वाफ येते म्हणून सांगू!"

"आणि त्याच्या हवेच्या भोकांचं काय, मावशी?"

"ती तर आधी बुजवते. सगळी ऊब तिथनंच तर जाते!"

"हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

कौसाबाईंनी सरांकडे पाहिलं. "साहेबच बोलले, काय पण कर, पण बायकोच्या, म्हंजे नीलिमाताईंच्या, हातचं वरण गार नको."

बाजूला जेवत बसलेल्या दिपेशला ठसका लागला. सर वरणात काहीतरी हरवल्यासारखं शोधू लागले. मग वर न बघता म्हणाले, "तू... घरूनच काम कर. चालू ठेव आपलं."

ती निघाली तेव्हा ते गेटपर्यंत आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "ऋता, ती जुनी सिस्टम परत नाही टाकता येणार? रोज फक्त बारा ते एक?"

"सर, मायक्रोवेव्ह मिळतो बाजारात."

"त्यात ती चव नाही गं."

बेकार झालेली गोधडी कौसाबाईंनी ऋताच्या पिशवीत कोंबली होती. गोधडीला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. घरी समीर केस विस्कटून बसलेला. राजसी सकाळपासून जागी, किरकिरी, पाऊल टाकायचं नाव नाही. ऋताने तिला मांडीवर आडवं घेतलं, वरून गोधडी घातली आणि कौसाबाईंसारखी कडेकडेने दाबून बसवली.

मिनिटभरात सगळं शांत.

"अगं, काय केलंस तू?" समीर पुटपुटला.

"काही नाही. हँग झाली."

"मग राहू दे," तो हात जोडत म्हणाला, "बटण दाबू नकोस!"