अनावश्यक वस्तूंची सुनावणी

मुलीला परदेशात बाळ झाल्याचा फोन आला, आणि वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांनी तीन महिन्यांच्या प्रवासासाठी पाठीवरची एकच सॅक न्यायचा निर्णय जाहीर केला. एकच म्हणजे माणशी एक नव्हे. कुटुंब हे एकक एक, म्हणून सॅकही एक, आणि तिची कमाल मर्यादा सात किलो. तिकिटावर दोघांनाही मोठाल्या बॅगा फुकट नेण्याची सवलत होती. पण ज्या माणसाने नोकरीत कधी कोणाला सवलत दिली नाही, तो ती स्वतः घेणार कसा?

या निर्णयामागे एक व्हिडिओ होता. त्यात एक तरुण अर्ध्या चड्डीवर अर्धं जग फिरला होता आणि ओझं टाकून जगायला शिका असं डोंगरमाथ्यावरून सांगत होता. त्याचा कॅमेरा डोंगरावर कोणी चढवला, हे व्हिडिओत नव्हतं. निरीक्षकांनी लगोलग हलक्या प्रवासाची सामग्री मागवली. घडीची बादली आली, घडीचा चमचा आला, पिशव्या ठेवायची पिशवी आली आणि ती भिजू नये म्हणून आणखी एक पिशवी आली. हे सगळं आत गेल्यावर सॅक निम्मी भरली. कपड्यांचा विषय अजून निघायचा होता.

मग जेवणाच्या टेबलावर सुनावणी सुरू झाली. निरीक्षकांच्या हातात वस्तू आकड्याला टांगून तोलायचा छोटा वजनकाटा होता, खात्याने निरोपाच्या वेळी दिलेला. पत्नीने एकेक वस्तू पुढे करायची, तिची आवश्यकता सिद्ध करायची आणि निकाल ऐकून घ्यायचा, अशी पद्धत ठरली. टूथब्रशचे दांडे कापण्यात आले. कंगवा दोघांत एक मंजूर झाला. निरीक्षकांना टक्कल असल्याने त्याचं वजन पत्नीच्या वाट्यातून वजा झालं. गुडघ्याला चोळायचं तेल फेटाळलं गेलं, कारण दुखणारे गुडघे एकाच सदस्याचे होते आणि तो सदस्य निरीक्षक नव्हते.

शेवटी पत्नीने एक लोकरीचं पांघरूण टेबलावर ठेवलं. मुलीने गोड बातमी सांगितली त्या दिवसापासून तिने ते विणायला घेतलं होतं. दोनदा उसवून पुन्हा विणलं होतं.

"हे बाळाचं," ती म्हणाली.

"तिकडे पांघरुणं मिळतात."

"तिकडे आजोबाही मिळत असतील. मग आपण कशाला चाललोय?"

"अगं, विषय सामानाचा चाललाय," निरीक्षक म्हणाले आणि पांघरूण नामंजूर केलं. पत्नीने ते उचललं आणि घडी घातली. तिला वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटण्याला वजन नसल्याने त्याची दखल घेण्याचं कारण नव्हतं.

एवढं करूनही काटा सातच्या पुढेच जात होता. तेव्हा निरीक्षकांनी नियमात आधार शोधला. अंगावरचं वजन सामानात धरलं जात नाही. झालं, निघायच्या दिवशी त्यांनी सगळे शर्ट एकावर एक चढवले, दोन पँटी घातल्या, वर कोट, कोटावर कोट, आणि खिशाखिशांतून चमचा, चार्जर, कुलपं भरली. बादली पोटाशी बांधली. सॅक हलकी झाली, मात्र निरीक्षकांना टॅक्सीत ढकलून बसवावं लागलं. पत्नी साध्या कपड्यांत होती. खांद्यांवर तिने पांघरूण लपेटलं होतं.

"हे काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"अंगावरचं आहे," ती म्हणाली.

नियमच तो. निरीक्षकांना मान डोलवावी लागली.

विमानतळावर पत्नी सुरक्षा तपासणीतून सरळ पार झाली. निरीक्षक कमानीखाली गेले आणि कमान केकाटली. रक्षकाने त्यांना बाजूला घेतलं. कोट निघाले, शर्ट निघत राहिले, बादली निघाली. मागच्या रांगेने आधी कुरकुर केली, नंतर ती मन लावून बघू लागली. सर्वांत आतल्या खिशातून वजनकाटा निघाला.

"काका, हे कशासाठी?"

"सामान कमी ठेवण्यासाठी."

"याला टोकदार आकडा आहे. आत नेता येणार नाही. इथेच टाका आणि जा, विमानाची वेळ झालीय."

"तुमच्या वरिष्ठांची लेखी परवानगी चालेल का?"

"चालेल. पण साहेब चहाला गेलेत."

पलीकडून पत्नीने हाक मारली. "अहो, टाका तो काटा. बाळ वाट बघतंय."

"असा कसा टाकू? ही अनावश्यक वस्तू नाही," निरीक्षक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुठल्या तरी वस्तूची बाजू मांडत होते, आणि काटा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. पत्नीने काट्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. तिची सुनावणी फारच लवकर आटोपली. पांघरूण सावरत ती विमानाकडे चालू लागली.

साहेब चहा घेऊन आले तेव्हा विमान उडालेलं होतं. परवानगी मात्र मिळाली.

तिकडे मुलीने दारातच विचारलं, "आई, बाबा कुठेत?"

"मर्यादेत बसले नाहीत," आई म्हणाली आणि बाळाला पांघरुणात घेतलं.

निरीक्षक हल्ली कमी सामानात कसं जगावं यावर व्याख्यानं देतात. नातवंड त्यांनी अजून फोटोतच पाहिलंय. फोटोला वजन नसतं, असं ते म्हणतात आणि पुढचं वाक्य विसरतात. सभागृह खच्चून भरतं. घरी जाऊन पसारा कमी करायचाच, असं ठरवून लोक उठतात.

तुम्हीही हसत हसत इथवर आलात, तर जाता जाता एवढंच आठवा. मागच्या खेपेला घरातला पसारा आवरायला काढलात, तेव्हा पहिल्यांदा कपाट कोणाचं उघडलंत? आठवत नसेल तर घरात विचारा. ज्याचं उघडलंत, त्याला नक्की आठवत असेल.