लिमये सरांची स्ट्रेस टेस्ट

लिमये सर नमस्कार करत नाहीत, मनगट धरतात. समोर प्राचार्य असोत, शिपाई असो की कॅन्टीनच्या मावशी, नाडी मोजून झाल्याशिवाय सरांचं बोलणं सुरू होत नाही. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला, घड्याळाकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शंभराच्या वर. जिना चढून आलात की घरी भांडून?" मी दोन्ही करून आले होते, पण ते त्यांना कशाला सांगा.

आमचं फिजिओथेरपी कॉलेज शीळफाट्याच्या पुढे आहे. खाली लग्नाचा हॉल, वर आम्ही. मालक दोन्हींचे एकच, त्यामुळे परीक्षा चालू असताना खालून बँड वाजला तरी तक्रार करायची सोय नाही. मी बायोकेमिस्ट्री शिकवते. लिमये सर फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं ते. निवृत्त झाल्यावर माणसाने डोंबिवलीत घरी बसून पेपर वाचावा. सर बसले नाहीत आणि त्याची शिक्षा आमच्या पोरांना झाली.

मन नावाची गोष्ट सरांना मान्यच नव्हती. "सर, टेन्शन आलंय," असं कोणी म्हणालं की ते विचारायचे, "कुठल्या स्नायूला? टेन्शन स्नायूला येतं. माणसाला येतो तो आळस." एका मुलाने तोंडी परीक्षेत घाबरून पाणी मागितलं. सरांनी आधी त्याच्याकडून तहान कशी लागते ते वदवून घेतलं, मगच ग्लास पुढे केला. पोरं त्यांच्यामागे त्यांना 'बीपी' म्हणायची. "आज बीपी हाय आहे रे, हजेरी लाव आणि कल्टी मार."

पण खुळेपणाचा मक्ता एकट्या सरांकडे होता असं नाही. मुलांच्या ताणावर आमच्या कॉलेजने शोधलेला उपाय म्हणजे प्राचार्यांच्या केबिनसमोरची एक खोली. वर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आणि दार काचेचं. आत कोण रडतंय ते अख्ख्या कॉलेजला दिसणार, म्हणून आत कोणी गेलंच नाही. पुढे तिथे झेरॉक्सचं मशीन बसवलं.

मग वरून, विद्यापीठाकडून पत्र आलं. आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्यांवर फार ताण असतो, तरी सर्वांची स्ट्रेस टेस्ट करून अहवाल पाठवावा. त्यांना हवी होती साधी प्रश्नावली: झोप लागते का, रडू येतं का, घरी बोलता का. पत्र गेलं लिमये सरांकडे. त्यांच्या पिढीच्या माणसाला स्ट्रेस टेस्ट एकच माहीत. छातीला तारा लावायच्या, ट्रेडमिलवर पळवायचं आणि हृदय किती सोसतं ते बघायचं. सरांनी सगळ्या कॉलेजची रांग लावली.

"सर, त्यांना मनाचा ताण म्हणायचाय," मी म्हटलं.

"मनाचा अवयव दाखवा बाई, त्यालाही तार लावू."

अहवाल असा गेला: सर्व विद्यार्थी ताणरहित. एकास दमा. अनेकांचे बूट अयोग्य. प्राचार्यांनी न वाचता सही ठोकली. मालकांनी गेटवर फ्लेक्स लावला, 'शंभर टक्के तणावमुक्त महाविद्यालय'. त्यात हात जोडलेले मालक भलेमोठे आणि खाली आम्ही शिक्षक पोस्टाच्या तिकिटाएवढे. मुलांचा फोटो टाकायचं कोणाला सुचलं नाही.

अहवाल गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की एक मुलगी टेस्टच्या दिवसांत गैरहजर होती. अहवालाचं काम संपलं होतं, तरी सरांना अर्धवट काही चालत नाही. तिला बोलावून घेतलं आणि तारा लावायला बाई हवी म्हणून मलाही बसवलं.

गायत्री कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील शाळेची बस चालवतात. सरांच्याच विषयात नापास होऊन ती पुन्हा पहिल्या वर्षात बसली होती. वर्गात असून नसल्यासारखी. ट्रेडमिलवर मात्र ती जीव खाऊन पळत होती.

"बास, थांबवतो," सर म्हणाले.

"नका थांबवू, सर."

तेव्हा मला कळलं की तिच्या चेहऱ्यावर आहे तो नुसता घाम नाही. सरांनी मशीनचा वेग कमी केला, पण बंद केलं नाही. ती चालत राहिली आणि चालता चालता बोलायला लागली.

"घरी खोटं सांगितलंय मी. सेकंड इयरला गेले म्हणून. पप्पांनी गल्लीत फ्लेक्स लावलाय. रविवारी सत्यनारायण घातलाय माझ्या पास होण्याचा, गावावरून सगळे येतायत. मी आता घरी नाही जाणार. मला कुठेच जायचं नाहीये, सर."

आता हा माणूस विचारणार, कुठल्या स्नायूला. मी तोंड उघडायच्या तयारीत होते. सरांनी मशीन बंद केलं.

"चल," ते म्हणाले, "घरी मी सांगतो." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही या बाई. मला माणसांशी बोलता येत नाही."

रिक्षात सर आम्हाला खड्ड्यांचा मणक्यावर होणारा परिणाम समजावून सांगत होते. पोरगी ओढणी पिळत बसलेली, आणि हे कमरेच्या मणक्यांबद्दल बोलतायत. त्यांना खाली उतरवून पुढे जावं असं मला मनापासून वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स होताच. 'आमची लाडकी डॉ. गायत्री हिने द्वितीय वर्षात पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली गल्लीतली सगळी पोरं. गायत्री मान खाली घालून त्याखालून गेली.

वडील दुपारच्या जेवणासाठी घरी आले होते. आई भाकऱ्या थापत होती. सरांनी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "तुमची मुलगी नापास झाली आहे. माझ्या विषयात. भीतीने तुमच्याशी खोटं बोलली."

वडील उभेच राहिले. "गायत्री, खरंय हे?" तिने मान हलवली. त्यांचा आवाज चढला. "अगं, गल्लीत तोंड कुठे दाखवू मी? गावाला फोन करून करून सांगितलं सगळ्यांना..."

"ओरडा," सर म्हणाले. "तुमचा हक्क आहे. पण आधी तिला जेवू द्या."

"तुम्हाला काय जातंय बोलायला, सर."

सरांनी काढलेली चप्पल भिंतीशी नीट लावली. मग वर्गात बोलतात त्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "माझा मुलगा मेडिकलला होता. तोही असाच खोटं बोलला. मला कळलं तेव्हा तो ताटावर होता. मी तिथेच बोललो, नको ते बोललो. तो उठला, हात धुतले आणि गेला. आता नाशिकला असतो, चांगलं चाललंय त्याचं. पण आमच्याकडे पुन्हा जेवला नाही. त्याची आई गेली तेव्हा दिवसभर घरात होता. जेवायला मात्र बाहेर गेला."

इतक्या वर्षांत या माणसाला मुलगा आहे हेही मला माहीत नव्हतं. मला त्यांची फार कीव आली.

वडील खाली बसले. मग बायकोला म्हणाले, "ताटं घे." आणि गायत्रीकडे न बघता, "बस. रविवारची पूजा होईल. सत्यनारायण काय रिझल्ट विचारत नाही."

गायत्री बसली, आम्हीही बसलो. पहिला घास तिला गिळवेना, दुसरा गेला. पाहुण्यांसमोर असं गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून तिच्या आईनेच विचारलं, "सर, घरी कोण कोण असतं तुमच्याकडे?"

"मी असतो," सर म्हणाले.

तिने तव्यावरची भाकरी काढून त्यांच्या ताटात घातली. सर नको म्हणाले नाहीत.